पोरींचं चॅनल

अण्णा दुसऱ्यांदा अमेरिकेला आले ते २०२४ च्या सप्टेंबरात. जेटलॅग पुरता उतरलाही नव्हता, तिसऱ्या का चौथ्या दिवशी दुपारी सोफ्याच्या त्यांच्या ठरलेल्या कोपऱ्यात बसून रिमोटची बटणं अंगठ्यानं जोरजोरात दाबत होते. मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, आणि खालून नुसता टक् टक् आवाज. शेवटी म्यूट करून खाली आले तर टीव्हीवर एक बाई तव्यांचा सेट विकत होती आणि अण्णा चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडं बघत होते. नंबर त्यांना पाठ होता, सहा वर्षांपूर्वीचा, तीन आकडी, तोच परत परत दाबत होते. "पोरींचं चॅनल कुठं गेलं गं?"

"ते बंद पडलं अण्णा. जूनमध्ये."

"का? मॅची बंद झाल्या?"

"नाही, मॅचेस चालू आहेत."

"मग कॉलेजं बंद पडली?"

"नाही हो."

"मग चॅनल कसं बंद पडलं?"

मी "मीटिंग आहे, नंतर सांगते" म्हणून वर पळाले. पण पुढचा अर्धा तास कोण काय बोलतंय इकडं लक्षच लागेना. प्रश्न साधा होता, खेळ आहे, खेळणारे आहेत, बघणारा सोफ्यावर बसलाय, मग मधलं काय तुटलं? याचं उत्तर मला येत होतं, आणि येत असूनही सांगायची लाज का वाटत होती हे काही तेव्हा कळलं नाही.

आधी ते चॅनल काय होतं ते सांगते. २०१८ मध्ये आई-अण्णा पहिल्यांदा आले, जुलै ते डिसेंबर. इथं सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आईवडील आले की पहिले पंधरा दिवस गोल्डन गेट, कॉस्टको आणि देऊळ यात जातात, आणि मग सोमवार येतो. आपण कामाला, पोरं शाळेत, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, बस कुठनं मिळते माहीत नाही, आणि दुपार संपता संपत नाही. आईनं मराठी मालिका लॅपटॉपवर शोधून घेतल्या. अण्णा पी.टी.चे सर, हातकणंगले तालुक्यातल्या एका हायस्कूलात तीस वर्षं शिट्टी फुंकलेली, कॉलेजात असताना व्हॉलीबॉलच्या युनिव्हर्सिटी टीममधली निवड थोडक्यात हुकलेली, त्यांना मालिका बघवत नव्हत्या. एक दिवस चॅनल चाळता चाळता ते पॅक-१२ नेटवर्कवर थांबले, म्हणजे पश्चिमेकडच्या बारा कॉलेजांच्या गटाच्या चॅनलवर. तिथं स्टॅनफर्डच्या पोरी व्हॉलीबॉल खेळत होत्या. सहा-सहा फुटी पोरी, एक तर साडेसहा फूट, कॅथरिन प्लमर नावाची, ती उडाली की अण्णा सोफ्यावर एक इंच वर उचलले जायचे. नेटच्या पलीकडं बॉल आपटल्याचा तो ठप्प आवाज घरभर घुमायचा. मी ऑफिसातून आले की रिपोर्ट तयार असायचा, लिफ्टर चांगली आहे, बॅककोर्ट कच्चं आहे, अमकीचा हात लवकर खाली येतो.

आणि लिबेरो, म्हणजे फक्त मागं बचाव करणारी. वेगळ्या रंगाचा शर्ट घातलेली ती पोरगी सर्व्हिस टाकायला गेली की अण्णा हात वर करून ओरडायचे, "फाउल! फाउल! ही कशी काय सर्व्हिस टाकते?" कारण बाकी जगात लिबेरोला सर्व्हिस टाकता येत नाही, अमेरिकन कॉलेजच्या पोरींच्या नियमात एका रोटेशनमध्ये येते. हे मला नेटवर शोधून त्यांना सांगावं लागलं. त्यांना पटलं नाही. पंधरा दिवस रोज फाउल.

व्हॉलीबॉल नसेल तेव्हा वॉटरपोलो ("पाण्यातली हुतूतू"), पोरींचं सॉकर, आणि नोव्हेंबर लागला तशी कुस्ती. कोल्हापूरकडच्या माणसाला मॅटवरची ती कॉलेजची कुस्ती दाखवणं म्हणजे वैतागच. हा खाली, तो वर, आणि वर असल्याचेही पॉइंट. पण एकदा एकानं दुसऱ्याचे दोन्ही खांदे टेकवले तेव्हा "चितपट!" म्हणून एवढ्यांदा ओरडले की आईच्या हातातलं लाटणं पडलं. आईला त्या चॅनलवरचा एकच माणूस आवडायचा, बिल वॉल्टन. जुना मोठा बास्केटबॉलपटू, रंगीबेरंगी शर्ट घालून कॉमेंट्री करायचा. मॅच चालू असताना हा ज्वालामुखी, नद्या, सायकल, चंद्र असं कायकाय बोलत राहायचा आणि मधूनच "कॉन्फरन्स ऑफ चॅम्पियन्स" असं म्हणून परत मॅचवर यायचा. आईला इंग्लिश बेताचंच, पण तिनं बरोबर ओळखलं, "हा कीर्तनकार आहे. अभंग एक आणि आख्यान भलतीकडं."

वॉल्टन २७ मे २०२४ ला गेला. त्याच सुमारास त्या कॉन्फरन्सचे शेवटचे सामने संपत होते आणि महिनाभरानं चॅनलही गेलं. फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली, बघ, कीर्तनकार गेला आणि मग मंडप सोडला.

तर हे चॅनल. इकडं कॉलेजांच्या कॉन्फरन्सेस असतात, आपल्याकडं आंतरविद्यापीठ स्पर्धेत वेस्ट झोन वगैरे असतो तशा, फरक एवढाच की झोन वरून कोणी आखून देत नाही, कॉलेजं आपापसात सोयरीक करतात. आणि सोयरीक म्हटली की देणंघेणं आलं. १९८४ पर्यंत कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या कुठल्या मॅचेस टीव्हीवर दाखवायच्या हे एनसीएए ही वरची संस्था ठरवायची, मग ओक्लाहोमाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ते मोडलं आणि प्रत्येकजण आपापला माल विकायला मोकळा झाला. तरी विकत होते ते दुसऱ्याच्या दुकानात. स्वतःचं दुकान टाकायची हिंमत पहिल्यांदा माउंटन वेस्ट नावाच्या छोट्या कॉन्फरन्सनं केली, २००६ मध्ये, आणि २०१२ मध्ये शटर ओढलं. मग २००७ च्या ऑगस्टअखेर बिग टेन नावाच्या मोठ्या कॉन्फरन्सनं फॉक्स या टीव्ही कंपनीला पार्टनर घेऊन चॅनल काढलं. चॅनल सुरू होऊन दोन दिवस झालेले आणि १ सप्टेंबरला बलाढ्य मिशिगन आपल्याच मैदानावर अपालाचियन स्टेट नावाच्या कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या कॉलेजकडून ३४-३२ हरलं. कॉलेज फुटबॉलमधला एवढा मोठा उलटफेर, आणि तो दाखवला फक्त या नव्या चॅनलनं, जे बऱ्याच केबल कंपन्यांनी तोवर घेतलंच नव्हतं, म्हणजे मिशिगनच्या लोकांना स्वतःचं नाक कापलेलंही घरी बसून धड बघता आलं नाही. एवढी फुकट जाहिरात कुणाला मिळते!

यातली मेख मला अण्णांनीच विचारली होती तेव्हा, २०१८ मध्ये, बिल बघून. "हे आपण वेगळे पैसे देऊन घेतलंय?" म्हटलं नाही, पॅकेजमध्ये येतं. "मग जो बघत नाही तो पण देतोय?" हो. सगळा धंदाच तो. कॉन्फरन्सच्या राज्यांत ज्याच्या घरी केबल आहे त्यानं महिन्याला थोडेसे पैसे द्यायचे, आयुष्यात एक मॅच बघितली नाही तरी. बिग टेननं पुढं मेरीलँड आणि रटगर्सला आत घेतलं ते काय त्यांचा फुटबॉल बघून? रटगर्सच्या मागं न्यूयॉर्कची घरं आहेत, मेरीलँडच्या मागं वॉशिंग्टनची, घरं मोजली आणि पोरगी पसंत केली. अण्णा गावी परत गेल्यावर २०१९ मध्ये आपल्याकडं चॅनल निवडून घ्यायचा ट्रायचा नियम आला, तेव्हा त्यांनी एका दुपारी केबलवाल्याला समोर बसवून यादीवर टिक मारत मारत बिल बरंच खाली आणलं आणि मला फोन करून सांगितलं, "बघत नाही त्याचे पैसे द्यायचे नाहीत. तुमच्या त्या चॅनलचं कसं होणार गं मग?" ट्रायचं नाव इथं कुणी ऐकलेलं नाही, पण लोकांनी तेच केलं, केबलच कापून टाकली. आम्ही नाही कापली. खोटं कशाला बोलू, आळस.

पॅक-१२ वाल्यांची गोष्ट जरा वेगळी आणि जरा आपल्यासारखी. २०११ मध्ये त्यांनी ईएसपीएन हे खेळांचं मोठं चॅनल आणि फॉक्स यांच्याबरोबर १२ वर्षांचा ३ अब्ज डॉलरचा करार केला, तेव्हा तो सगळ्यांच्या वरचढ होता. त्या भरात कमिशनर लॅरी स्कॉटनी ठरवलं की चॅनल काढायचं तर कुणाची भागीदारी नको, शंभर टक्के आपलं. १५ ऑगस्ट २०१२ ला सुरू झालं. एक नाही, सात. एक देशभराचं आणि सहा प्रादेशिक, बे एरियाचं वेगळं, ऑरेगनचं वेगळं, ॲरिझोनाचं वेगळं. स्टुडिओ कुठं, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या ऐन गावात थर्ड स्ट्रीटवर, जिथं मला महिन्याचं पार्किंग परवडलं नव्हतं. डायरेक्टीव्ही या त्या वेळच्या सगळ्यात मोठ्या सॅटेलाइट कंपनीशी पैशावरून जमलं नाही ते शेवटपर्यंत जमलंच नाही. दोन वर्षांनी एसईसी या दक्षिणेकडच्या कॉन्फरन्सनं ईएसपीएनच्या गळ्यात गळा घालून चॅनल काढलं तेव्हा ते पहिल्याच दिवसापासून कोट्यवधी घरांत होतं, कारण ईएसपीएन पाहिजे तर हेही घ्या, असं सांगता येत होतं. पॅक-१२ कडं असं सांगायला काही नव्हतं. स्वतःच्या नावावर सात-बारा असणं वेगळं आणि त्या रानात पाणी असणं वेगळं.

पण एक गोष्ट कबूल करायला पाहिजे. बाकीच्यांच्या चॅनलवर जास्त करून फुटबॉल आणि फुटबॉलच्या गप्पा. यांनी वर्षाला ८५० च्या आसपास सामने लाइव्ह दाखवले आणि त्यातले बहुतेक व्हॉलीबॉल, वॉटरपोलो, कुस्ती असल्या खेळांचे, ज्यांना दुसरीकडं कुणी उभं केलं नसतं. धंदा म्हणून हा मूर्खपणा होता असं माझा नवरा म्हणतो, तो फायनान्समध्ये आहे, आणि आकड्यांवर तो बरोबर आहे. मला मात्र तेव्हा आणि आजही वाटतं की त्या अख्ख्या उपद्व्यापात जे मूर्खपणाचं होतं तेवढंच चांगलं होतं. उरलेलं, ती सात चॅनलं आणि गावातला स्टुडिओ आणि कमिशनरचा लाखो डॉलरचा पगार, ते शहाणपणाचं म्हणून केलेलं.

इथं मला अण्णांच्या गावची जत्रा आठवते, म्हणजे मी ती बघितलेली नाही, ऐकलेली आहे, पण इतक्यांदा की आठवतेच. जत्रेला व्हॉलीबॉलचे सामने असायचे, हायस्कूलच्या मागच्या पटांगणात, चुन्याच्या रेषा, लिंबाला बांधलेला भोंगा. आणि माइकवर दवाखान्यातला कंपाउंडर. त्याला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं पण माइक सोडायचा नाही. सर्व्हिस कुणाची, पॉइंट किती, कुणाच्या पोरानं स्मॅश हाणला, कुणाची चप्पल सापडली, सगळं एकाच दमात. माझी आजी कधीही सामना बघायला गेली नाही, बायका जात नव्हत्या. ती खालच्या रानात भांगलत असायची. वाऱ्यावरनं आवाज यायचा, कधी अर्धा, कधी पाऊण, आणि त्यात मधूनच अण्णांचं नाव. आजी खुरपं थांबवायची म्हणे. मग परत चालू. अण्णा मोठे झाले, मास्तर झाले, कुठल्या कुठल्या स्पर्धांची सर्टिफिकेटं ट्रंकेत आहेत, पण सांगायची गोष्ट त्यांच्याकडं एकच, की आईनं रानात ऐकलं.

त्या भोंग्याचा खर्च गावकीनं केला होता. त्यातून उत्पन्न किती, असं कुणी विचारलेलं ऐकिवात नाही.

पैशाचं म्हणावं तर आमच्या कोल्हापूरकडं कॉलेजच्या खेळाची एकच गोष्ट प्रत्येकाला माहीत असते, खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं, सात हजारांना. ते पदक घेऊन आले. मी ही गोष्ट एकदा ऑफिसात सांगितली तर एकानं विचारलं, "म्हणजे बजेट नव्हतं?" इकडं तर स्टॅनफर्डसारख्या गडगंज ठिकाणी, चॅनल असताना, २०२० मध्ये ३६ पैकी ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं, कारण पैसे नाहीत. त्यात कुस्ती होती. मार्च २०२१ मध्ये त्यांचा शेन ग्रिफिथ नॅशनल चॅम्पियन झाला तो कॉलेजचं नाव नसलेला नुसता काळा पोशाख घालून. मे महिन्यात कॉलेजनं निर्णय मागं घेतला. अण्णांना मी तो फोटो पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं, "लंगोट काळा, पोरगा पांढरा शुभ्र." अजून नीट अर्थ लागलेला नाही मला, पण मेसेज ठेवलाय.

पुढचं पेपरात आलेलंच आहे. जून २०२२ च्या शेवटी यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन कॉलेजांनी बिग टेनचा रस्ता धरला. कमिशनर आदल्या वर्षीच बदलले होते, तरी घर गळतच राहिलं, त्यात एका केबल कंपनीनं चुकून जास्त दिलेले पाच कोटी डॉलरच्या घरातले पैसे परत करायचे निघाले. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो गेलं. ४ ऑगस्टला एका दिवसात पाच गेले. स्टॅनफर्ड आणि बर्कलीनं सप्टेंबरात अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स (एसीसी) धरली, पॅसिफिकच्या काठावर बसून. शिवाजी युनिव्हर्सिटीला ईस्ट झोनमध्ये टाकलं तर कसं होईल तसं. मागं उरले ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. माझ्या टीममधली एक बाई कॉर्वालिसची, ऑरेगन स्टेटची, आजोबांपासून तिथलीच. ती त्या आठवड्यात स्वतःच्या कॉलेजचा केशरी स्वेटशर्ट घालून रोज यायची, ऑगस्टच्या उन्हात. शेवटी त्या दोघांना कोर्टात जावं लागलं, कॉन्फरन्सच्या बोर्डावर मत कुणाचं चालणार यासाठी, आणि ते जिंकले. मी तिचं अभिनंदन केलं तर म्हणाली, "वाडा मिळाला, माणसं गेली." इंग्लिशमध्ये म्हणाली अर्थात, पण मला मराठीतच ऐकू आलं. नंतर कळलं नवी बिऱ्हाडं यायला तयार झालीत, बॉईझी, फ्रेझ्नो, सॅन डिएगो. तिला विचारलं, तुला बरं वाटलं का, तर तिनं खांदे उडवले.

तर मग कॉन्फरन्सला स्वतःचं चॅनल पाहिजे का? बिग ट्वेल्व्ह नावाच्या दुसऱ्या एका कॉन्फरन्सकडं स्वतःचं चॅनल नाही, ती जिवंत आहे आणि तिनं पॅक-१२ चे चार जण उचलले. पॅक-१२ कडं सात होती. नवरा म्हणतो झालं तर, विषय संपला. पण २०२३ च्या ३० ऑगस्टला नेब्रास्कात फुटबॉलच्या स्टेडियमवर पोरींच्या व्हॉलीबॉलला ९२,००३ लोक आले, ती मॅच बिग टेनच्या चॅनलवर होती, आणि मला वाटतं ती माणसं त्या एका दिवसात जमली नाहीत, वर्षानुवर्षं कुणीतरी कॅमेरा लावत गेलं तेव्हा जमली. अर्थात नेब्रास्कात व्हॉलीबॉलचं वेड चॅनलच्या आधीपासूनचं आहे, त्यामुळं माझा हा मुद्दा नवऱ्यापुढं टिकला नाही. आणि यूसीएलएच्या जिम्नॅस्ट केटलिन ओहाशीचा तो परफेक्ट टेन, जानेवारी २०१९ मधला, तो अण्णांनी कशावर बघितला? व्हॉट्सॲपवर, गावी, शाळेच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपमध्ये. चॅनल लागलं कुठं?

त्या दिवशी मीटिंग संपल्यावर मी खाली गेले आणि अण्णांना ॲप लावून दिलं. एसीसीच्या मॅचेस आता त्यावर येतात. लॉगिन, पासवर्ड, मोबाइलवर आलेला कोड, मग कुठला खेळ, मग कुठलं कॉलेज. मॅच दिसायला लागली, चित्र जुन्या चॅनलपेक्षा स्वच्छ. अण्णा बघत बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी खाली आले तर टीव्ही बंद. म्हटलं का हो, मी लावून देऊ? तर म्हणाले, "नको गं. त्यात आधी काय बघायचं ते ठरवावं लागतंय." आणि खिडकीबाहेर बघत बसले, जिथं चिटपाखरू नव्हतं.

मग एका शुक्रवारी मी सगळ्यांना गाडीत घालून, डंबार्टन ब्रिज ओलांडून, प्रत्यक्ष स्टॅनफर्डलाच नेलं, मेपल्स पॅव्हिलियनमध्ये. हे २०१८ मध्ये का सुचलं नाही देव जाणे, वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता, पण तेव्हा चॅनल होतं ना. समोरची टीम थेट पूर्व किनाऱ्यावरून आलेली, पाच-सहा तास विमानात बसून. आत पॉपकॉर्नचा आणि नव्या रबराचा वास. अण्णांनी स्वेटर, मफलर, कानटोपी सगळं चढवलेलं, आणि हॉलमध्ये गरम होत असूनही काढलं नाही. त्यांना आता डाव्या कानानं कमी ऐकू येतं, पण तो ठप्प आवाज ऐकू आला असणार, कारण वॉर्मअपचा पहिलाच स्मॅश पडला तेव्हा ते त्याच एका इंचानं वर उचलले गेले. आमच्या पुढच्याच रांगेच्या कडेला एक विशी-बाविशीची पोरगी हेडफोन लावून कॅमेरा धरून उभी होती. अण्णा बराच वेळ कोर्टाऐवजी तिच्याकडंच बघत होते.

"ही कुठं दाखवणार?"

"ॲपवर, अण्णा. आपल्या घरात आहे तेच."

"हिचं घरचं बघत असतील," ते म्हणाले. मग जरा थांबून, "खेळणाऱ्या पोरींचं पण."

पहिल्या सेटमध्ये मधेच वेगळ्या रंगाचा शर्ट घातलेली पोरगी बॉल आपटत मागच्या रेषेवर गेली. आजवर एकही मॅच धड न बघितलेला माझा नवरा अचानक पुढं वाकला. "ही लिबेरो ना? हिला सर्व्हिस चालते?"

अण्णांनी कोर्टावरची नजर काढली नाही. मफलर जरा सैल केला.

"हितं चालती."